डोमाजीच्या वळणाचं सोनं

एका गावात एक भोळा जावई होता. खरं म्हणजे तो त्या गावचा नव्हता, पण डोमाजीला मुलगा नव्हता आणि नदीतलं सोनं धुवायला घरात हात हवे होते, म्हणून त्याला घरजावई करून आणलं होतं. त्याचं नाव फागू. अंगाने धडधाकट, कामाला वाघ, आणि एकदा सांगितलेलं कधी न विसरणारा. लग्न ठरवताना हा शेवटचा गुण सगळ्यांना फार आवडला होता.

ते गाव नदीकाठी होतं आणि गावातले लोक वाळू धुऊन सोन्याचे कण काढत. नदीची वळणं घरांमध्ये वाटलेली होती. दर वर्षी होळीच्या आधी म्हातारे इस्तारीबाबा चार जाणत्या माणसांना घेऊन घरोघर फिरत आणि त्या वर्षाचं सोनं पाहत. कण किती, हे कोणी विचारत नसे. पण ज्या घरातून काहीच निघालं नाही, त्या घरात धुणारे हात उरले नाहीत असं समजून त्याचं वळण दुसऱ्या घराला दिलं जाई. डोमाजीचं वळण त्याच्या आजाच्याही आधीपासून त्यांच्याकडे होतं. आता डोमाजीचे गुडघे पाण्यात बसू देत नव्हते. गेल्या वर्षी कसंबसं निभावलं होतं. या वर्षी सगळी भिस्त जावयावर होती.

डोमाजीने फागूला ओसरीवर बसवलं आणि आपली हत्यारं एकेक करून समोर मांडली. त्यातलं एकही विकत आणलेलं नव्हतं. शिवणीच्या लाकडातून कोरलेली उथळ काठवट. गोडेतेलाच्या डब्याच्या बुडाला खिळ्याने भोकं पाडून केलेली चाळणी. पाणी ओतायला वाळक्या भोपळ्याचा तुंबा. शिंदीचं खोड उभं चिरून, आतून पोखरून केलेली लांब पन्हाळ.

डोमाजी जावयाला मान देऊन बोलणारा माणूस होता. जावयाला अरे-तुरे करणं त्याच्या घराण्यात नव्हतं, आणि जावयाची चूक काढणं तर त्याहून नव्हतं.

"जवाईबापू," तो काठवट हातात घेऊन म्हणाला, "हिच्यात वाळू घ्याची, पाणी घ्याचं आन अशी गोल फिरवाची. हलकं वर येते, जड तळाशी बसते. वरचं सोडून द्याचं, तळचं ठेवाचं. एवढंच हाय."

"वरचं सोडाचं, तळचं ठेवाचं," फागू म्हणाला. "समजलं, मामाजी."

आणि त्याला खरंच समजलं होतं.

नदीवर जायला अजून वेळ होता. सासू पार्बता अंगणात ताक घुसळत होती. तेवढ्यात शेजारणीने हाक मारली. पार्बता उठली आणि म्हणाली, "जवाईबापू, होतच आलं हाय. थोडं घुसळून नीट करून ठेवा."

फागूने घुसळलं. मडक्यात डोकावला. वर काहीतरी पांढरं, हलकं तरंगत होतं. त्याने मडकं दोन्ही हातांत धरलं, गोल फिरवलं आणि वरचं सगळं अंगणात सोडून दिलं. घरचा कुत्रा तोपर्यंत जावयावर गुरगुरत असे. त्या दिवसापासून तो जावयाच्या पायाशी झोपू लागला.

पार्बता आली. तिने मडक्यात पाहिलं, मग कुत्र्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"लोणी कुठी गेलं?"

"वरचं सोडून दिलं, मामी. तळचं ठेवलं हाय."

पार्बताने डोक्यावरचा पदर उगाच सारखा केला. जावयाला काय बोलणार. "तुमचं चुकलं नाही, जवाईबापू. सांगाचं माह्यंच राह्यलं. वर येते तेच कामाचं असते. ते अलगद काढून ठेवाचं. तळचं सांडलं तरी चालते."

"आता समजलं," फागू म्हणाला.

मग तो काठवट घेऊन नदीवर गेला. डोमाजी काठावर मोहाच्या सावलीत गुडघे चोळत बसला होता. लांबून त्याला जावई दिसत होता. फागू काठवट फार सुंदर फिरवत होता. मनगट सैल, पाणी एका लयीत, वाळूचा एक कण इकडेतिकडे नाही. डोमाजीचे डोळे भरून आले. शिकवून येत नाही असा हात आहे, असं त्याला वाटलं.

संध्याकाळी फागू वर आला. चालताना तो जपून पाऊल टाकत होता. काठवटीवर त्याने पळसाची मोठी पानं झाकली होती.

"पाहू," डोमाजी म्हणाला.

फागूने पानं उचलली. आत फेस होता. फेसात काही वाळकी पानं, गवताच्या काड्या आणि एक पाणकिडा होता. पाणकिडा जिवंत होता.

"अजून होतं, मामाजी. येता येता फेस थोडा विरला."

"आन तळची वाळू?"

"ती सांडली तरी चालते ना."

डोमाजीने पाणकिडा उचलून नदीत सोडला. वळणाच्या आतल्या बाजूची ती काळी वाळू त्याने स्वतः दाखवली होती. तिथली वाळू कोणत्याच वर्षी रिकामी जात नसे.

"जवाईबापू," तो शेवटी म्हणाला, "चूक माह्यी हाय. मी वर-खाली सांगत बसलो. आता वर-खाली सोडा. कोणतीही वस्तू असो, हातात घेऊन तोलून पाहाची. जड लागली तर ठेवाची. हलकी लागली तर जाऊ द्याची."

"हे सोपं हाय," फागू म्हणाला. "आता समजलं."

दुसऱ्या दिवशी बाजार होता. रेवताला, म्हणजे फागूच्या बायकोला, माहेरचीच खोली मिळाली होती, पण गादी नव्हती. पार्बताने घरचा कापूस पिंजाऱ्याकडे पिंजायला दिला होता. तो आणायला तिने जावयाला पाठवलं.

पिंजाऱ्याने कापूस पिंजून फुलवून ठेवला होता. मोठ्या फडक्यात बांधून त्याने गाठोडं फागूच्या डोक्यावर दिलं. कापसातून निघालेली सरकी वेगळ्या पुरचुंडीत दिली. फागू निघाला. नदीच्या उतारावर आल्यावर त्याला सासऱ्याचं बोलणं आठवलं. त्याने गाठोडं खाली ठेवलं, सोडलं आणि एकेक मूठ तोलून पाहिली. हलकी. दुसरी मूठ. हलकी. तो एकही मूठ न तोलता टाकणारा माणूस नव्हता. वारा होताच. बाजारातून परतणाऱ्या बायकांनी पाहिलं, तर उतारावरच्या सगळ्या बाभळी पांढऱ्या झाल्या होत्या आणि मधोमध डोमाजीचा जावई उभा राहून अजून एक मूठ तोलत होता.

घरी तो सरकी घेऊन आला. बरोबर एक गोटा होता. वाटेत पडलेला, पण हातात चांगला जड लागला होता.

रेवताने गोट्याकडे पाहिलं आणि ती घरात गेली. आतून हसण्याचा आवाज आला. पार्बताला मात्र हसू आलं नाही. वर्षभराचा कापूस होता तो.

"जवाईबापू," ती म्हणाली, "दगड, वाळू तुमचे मामाजी सांगतीन तसे करा. पण कापूस असो, लोकर असो, लुगडं असो, घोंगडी असो, अंगावर घ्याची वस्तू आपण उराशी धरतो. तिले वारा लागू द्याचा नाही, पाणी लागू द्याचं नाही. समजलं?"

"समजलं, मामी. उराशी धराची."

आता डोमाजीने ठरवलं की जावयाच्या हातात काठवट द्यायचीच नाही. त्यापेक्षा पन्हाळ बरी. पन्हाळीचं काम असं असतं की ती नदीत तिरकी मांडायची, तिच्या तळाशी जाड घोंगडी अंथरायची, वरून वाळू टाकायची आणि तुंब्याने पाणी ओतत राहायचं. वाळू वाहून जाते. सोन्याची बारीक पूड घोंगडीच्या केसांत अडकते. हंगामाच्या शेवटी घोंगडी सुकवून जाळायची आणि तिची राख काठवटीत धुवायची. राख वाहून जाते, सोनं उरतं. डोमाजीने हे सगळं एकदम सांगितलं नाही. तो आता शहाणा झाला होता. त्याने पन्हाळ स्वतः मांडून दिली, नवी घोंगडी फागूच्या हाती दिली आणि म्हणाला, "हे घेऊन व्हा पुढं. वाळू टाका, पाणी ओता. मी मागून येतो."

तो काठी टेकत पोचला तेव्हा फागू घामाघूम होऊन वाळू टाकत होता, पाणी ओतत होता. एका हाताने. दुसऱ्या हाताने त्याने घोंगडी छातीशी आवळून धरली होती. तिच्यावर पाण्याचा एक शिंतोडा नव्हता. नागड्या पन्हाळीतून सकाळपासूनची वाळू सरळ नदीत परत गेली होती.

"कोरडी ठण्ण हाय, मामाजी," फागू म्हणाला. "हात लावून पाहा."

डोमाजीने हात लावून पाहिला. खरंच कोरडी होती.

"जवाईबापू," तो काठावर बसून म्हणाला, "तुमच्यासारखं ऐकणारं माणूस मी पाह्यलं नाही. माह्यंच सांगणं उणं पडते. घोंगडी दिसली की तिले आडवी अंथराची. चारी कोपऱ्यांवर गोटे ठेवाचे, म्हणजे सरकत नाही. आन वरून पाणी ओतत राहाचं. ती कधीच कोरडी पडू द्याची नाही. कोरडी पडली की सगळं गेलं."

"आता पक्कं समजलं."

आणि पुढे बरेच दिवस सगळं उत्तम चाललं. फागू सकाळी जाई, घोंगडीवर वाळू टाके, पाणी ओते, अंधार पडायच्या आत परत येई. बैलाला लाजवील असं काम. घोंगडी जड होत गेली. डोमाजी रोज संध्याकाळी तिच्या केसांत बोट फिरवून पाही आणि काही न बोलता मिशीला हात लावी. गावात तो लोकांना सांगू लागला की जावई थोडा हळू शिकतो, पण शिकलं की पक्का.

हंगाम संपत आला आणि डोमाजीला थंडी वाजून ताप आला. पार्बताने त्याला खाटेवर निजवलं, अंगावर घरातली घोंगडी टाकली आणि ती रेवताला घेऊन वैदूकडे औषध आणायला निघाली. "जवाईबापू, मामाजीजवळ बसा. घोंगडी सरकू देऊ नका."

फागू जवळ बसला. डोमाजी कुडकुडत होता, म्हणून घोंगडी सारखी सरकत होती. फागूने अंगणातून चार गोटे आणले आणि चार कोपऱ्यांवर ठेवले. मग त्याने घोंगडीला हात लावला. कोरडी होती. तो घाबरला. कोरडी पडली की सगळं गेलं, हे त्याला सासऱ्यानेच सांगितलं होतं, आणि आता तर घोंगडीखाली सासराच होता. तो धावत गेला, रांजण भरलेला होता, तुंबा खुंटीवर होता.

पार्बता आणि रेवता आल्या तेव्हा खाटेखालून अंगणापर्यंत ओहोळ गेला होता. डोमाजीने डोळे मिटले होते. गोट्यांमुळे त्याला कूस बदलता येत नव्हती.

"एकदाही कोरडी पडू दिली नाही," फागू म्हणाला. सासऱ्यावर त्याची माया होती.

डोमाजीने ओठ हलवले. रेवता कान देऊन वाकली.

"काय म्हणतात?" पार्बताने विचारलं.

"म्हणतात, चूक माह्यी हाय."

ताप उतरायला फार दिवस गेले. डोमाजी खाटेला खिळला. इकडे होळी जवळ आली. एके सकाळी इस्तारीबाबांचा निरोप आला की आज संध्याकाळपर्यंत आम्ही तुमच्याकडे येतो. पन्हाळीतली घोंगडी तशीच होती. जाळायची होती, राख धुवायची होती, आणि धुणारा एकच होता.

डोमाजीने उठायचा प्रयत्न केला. गुडघे आणि डोकं दोन्ही ऐकेनात. तो भिंतीकडे तोंड करून निजला. "गेलं वळण," एवढंच म्हणाला.

रेवता तिथेच उभी होती. लग्नापासून ती सगळं पाहत आली होती. नवरा चुकतो कधी, हे तिच्या लक्षात आलं होतं. हातात असलेलं काम तो कधीच चुकत नसे. मागच्या कामाचा नियम पुढच्या कामाला लावला की चुके.

"मी जातो यांच्यासंगं," ती म्हणाली. त्या बाजूच्या बायका असंच बोलतात. "यायले पुढचं काही सांगाचंच नाही. एक झालं की मंग दुसरं सांगीन."

दोघं निघाले. वाटेत शेजारच्या घरून त्यांनी एक जुनं लोखंडी घमेलं मागून घेतलं आणि त्यांच्याच चुलीतले निखारे घेतले. नदीवर रेवता एका खडकावर बसली.

"घोंगडी उचला." त्याने उचलली.

"झटकू नका. घडी करा." त्याने घडी केली.

"या खडकावर उन्हात उलगडून ठेवा. बसा माह्याजवळ." तो बसला. घोंगडी सुकेपर्यंत दोघं तसेच बसून राहिले. रेवताने त्याला विचारलं की तुमाले माणसं हसतात तेव्हा वाईट वाटते का. फागूने विचार केला. "मी तर सांगतलं तेच करतो," तो म्हणाला. "हसतात काहून, ते मले कोणी सांगतलं नाही." रेवताने हात लांबवून घोंगडी सुकली का ते पाहिलं.

मग तिने सांगितलं, घमेल्यात ठेवा. ठेवली. निखारे टाका. टाकले. घोंगडी धुमसत जळाली, खाली राख उरली. राख निवल्यावर काठवटीत घ्या. घेतली. पाणी घ्या. घेतलं. फिरवा.

फागूने काठवट फिरवली. मनगट सैल, पाणी एका लयीत. करडी राख कडेवरून ओघळत गेली. हळूहळू काठवटीच्या तळाशी एक पिवळी रेघ उमटली. मग ती रेघ जाड झाली. बारीक पूड, आणि पुडीत तांदळाच्या कणीएवढे काही दाणे. तिने बापाच्या हातून एवढं सोनं एका हंगामात निघालेलं पाहिलं नव्हतं.

"थांबा," ती म्हणाली.

त्याने थांबवली. ओल्या बोटाने दोघांनी कण न् कण टिपला आणि पळसाच्या पानात पुडी बांधली. रेवता ती पुडी घेऊन एकदा उठली, एकदा बसली. बापाला कधी सांगते असं तिला झालं होतं. आणि आनंदात माणूस सावध राहत नाही. तिने पुडी नवऱ्याच्या हातात दिली, त्याचं सोनं आहे, त्यानेच ते पंचांपुढे ठेवावं म्हणून.

"मी पुढं जाऊन बाबाले सांगतो," ती म्हणाली. "तुमी सगळं आवरून या. जे जिथून घेतलं, ते तिथं नेऊन ठेवा. मागून घेतलेलं काही राह्यलं नाही पाहिजे."

"जिथलं तिथं," फागू म्हणाला. "समजलं."

रेवता धावत घरी गेली. डोमाजी उठून बसला. पार्बताने अंगण झाडलं, सतरंजी घातली. इस्तारीबाबा आणि चार जाणते आले. शेजारपाजारचे जमले. डोमाजीने धुतलेलं धोतर नेसलं आणि सगळ्यांना सांगितलं की जावई सोनं घेऊन येतोच आहे. वेळ गेला. गुळाचा चहा झाला. आणखी वेळ गेला. उन्हं कलली.

शेवटी फागू आला. गुडघ्यापर्यंत चिखल, कमरेपर्यंत ओला, दमलेला आणि समाधानी. हातात काठवट, चाळणी आणि तुंबा. त्याने चाळणी खिळ्याला लावली, तुंबा खुंटीला अडकवला, काठवट कोनाड्यात उभी केली. मग पंचांना रामराम केला.

"बसा, जवाईबापू," इस्तारीबाबा म्हणाले. "वेळ लागला."

"आवरून आलो, बाबा. घमेलं शेजारी दिलं. निखारे विझले होते, पण कोळसे त्यांच्याच चुलीत नेऊन ठेवले. गोटे काठावर ठेवले. तुंब्यातलं पाणी नदीत सोडलं. पळसाचं पान पळसाले लावून आलो. देठाजवळ काटा टोचून ठेवलं, पडत नाही आता."

रेवता दारात उभी होती. तिने चौकट धरली.

"आन पानातलं?" डोमाजीने विचारलं.

"त्यालेच तर वेळ लागला, मामाजी," फागू म्हणाला. "एका जागचं असतं तर पटकन झालं असतं. पण वाळू आपण सगळ्या वळणावरून घेतली होती. वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत. मंग चिमूट चिमूट करून सगळीकडं ठेवावं लागलं. खोल पाण्यातसुद्धा गेलो. एक कण ठेवला नाही माह्याकडं."

त्याने दोन्ही तळहात उघडून दाखवले. ते अगदी स्वच्छ होते.

इस्तारीबाबांनी डोमाजीकडे पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं. डोमाजीने तोंड उघडलं, आणि या खेपेला चूक कोणाची हे त्याला काही केल्या ठरवता येईना. त्याने तोंड मिटलं.

इस्तारीबाबांनी चार जाणत्यांशी कुजबुज केली. मग घसा साफ केला. "डोमाजीच्या घरात धुणारे हात हायेत, हे तर दिसलंच," ते म्हणाले. "वळण त्यांच्याकडंच राहीन. पण उद्या सकाळी सगळं गाव त्यांच्या मदतीले जाईन. ज्याच्या घरी जे हत्यार असंन ते घेऊन या. त्यायचं सोनं त्यायले परत काढून देऊ."

सगळ्यांनी माना डोलावल्या. बायकांनी काठवटी कोणाकडे आहेत याचा हिशोब सुरू केला. फागूलाही ते पटलं. एवढी माणसं आपल्यासाठी येणार म्हणून त्याला भरून आलं. तो अंगणाच्या दारापर्यंत पंचांना पोचवायला गेला आणि तिथे उभा राहून, जाणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून सांगत राहिला.

"या उद्या, नक्की या. काढा पाहिजे तेवढं. फक्त झालं की जिथलं तिथं ठेवा."